उजव्या हाताला उभी असलेली सिस्टर

पहाटेचे सव्वाचार. कॅज्युअल्टीतल्या खाटेवर पंचविशीतला एक तरुण उताणा पडला होता आणि सिस्टर त्याच्या कानाशी वाकून सांगत होत्या, "दादा, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. मधे श्वास घ्यायचा नाही. जाल तिथपर्यंत जा."

तो चोवीसपर्यंत गेला. सिस्टरांनी केसपेपरच्या समासात वेळ लिहिली, तिच्यापुढे २४ लिहिलं आणि पुन्हा त्याच्या पापण्यांकडे पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

दक्षिण कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी त्या रात्री या लेखासाठी बसून होते. लावणीचे दिवस होते. हा तरुण दिवसभर चिखलात राबून पडवीत चटईवर झोपला होता. मध्यरात्री पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या, घरच्यांनी ओवा खायला दिला. "आधी पोटात दुखता म्हणत होतो, आता डोळेच उघडणा नाय," त्याची आई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. अंगावर दंशाची खूण कुठेच सापडेना. पण जमिनीवर झोपलेला माणूस, रात्रीची पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या या तीन गोष्टी एकत्र आल्या की इथल्या जुन्या सिस्टरांना चौथी विचारावी लागत नाही. कोकणात तिला कांडर म्हणतात, देशावर मण्यार. तिचे दात इतके बारीक की चावलेलं झोपेत कळतही नाही. विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे काम करतं. आधी पापण्या जातात, मग जीभ, मग गिळणं, मग मान आणि शेवटी छाती. माणूस मात्र आत जागा असतो. त्याला ऐकू येतं, कळतं, फक्त हलता येत नाही.

प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या होत्या. मण्यारीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण बिघडलेले स्नायू ताळ्यावर यायला दिवस लागतात आणि तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. व्हेंटिलेटरची खाट घाट चढून दोन तासांवर.

पावणेपाचला आकडा सतरावर आला. सव्वापाचला नऊ.

"सर, नऊ," सिस्टर म्हणाल्या. "लाळ गिळता येत नाहीये. नळी इथेच टाकून घेऊ. घाटात टाकायची वेळ आली तर जमणार नाही."

ड्युटीवरचे डॉक्टर तिशीतले होते. त्यांनी एकदा रुग्णाकडे पाहिलं, एकदा समासातल्या तीन आकड्यांकडे, आणि म्हणाले, "लावा तयारी."

तातडीची भूल आणि श्वासनलिकेत नळी घालणं याबद्दल आपल्याकडे जेव्हा काही लिहिलं जातं तेव्हा त्यात भूलतज्ज्ञ असतो, यंत्रं असतात, औषधं असतात. नर्स असलीच तर "तिने साहित्य हातात दिलं" एवढ्यापुरती. त्या पहाटे मी पाहिलं ते असं: नळी टाकायचा निर्णय ज्या आकड्यावर झाला तो आकडा सिस्टरांनी मोजला होता, आणि कुणी न सांगता मोजला होता.

आपण एखाद्याला अमक्याचा उजवा हात म्हणतो. नळी टाकताना हे शब्दशः खरं असतं. डॉक्टर रुग्णाच्या डोक्याशी, डाव्या हातात जीभ उचलून धरणारा लॅरिंगोस्कोप, नजर घशात. उजवा तळहात हवेत उघडा. ती नजर एकदा स्वरयंत्राच्या फटीवर लागली की तिथून हलवायची नसते. हलली तर पुन्हा सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून त्या उघड्या तळहातात नळी बरोबर बाजूने, बरोबर बाकाने कुणीतरी ठेवायची असते. ते कुणीतरी उजव्या अंगाला उभं असतं. आणि त्या मिनिटा-दोन मिनिटांत खोलीतलं बाकी सगळं, म्हणजे मॉनिटर, घड्याळ, रुग्णाच्या ओठांचा रंग, सलाइन, दारातली आई, दिसत असतं ते फक्त तिलाच.

मिनिटांचा हिशेब आधी समजून घेऊ. नेहमीचा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा शिल्लक राहते. त्यात ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर वापरतं. अशा माणसाचा श्वास औषधाने थांबवला तर रक्तातला ऑक्सिजन मिनिटभरातच उतरायला लागतो. त्याच माणसाला आधी तीन मिनिटं घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर ती शिल्लक हवा जवळजवळ सगळी ऑक्सिजनची होते आणि धडधाकट प्रकृतीला आठेक मिनिटं मिळतात. लठ्ठ माणसाला तीनसुद्धा मिळत नाहीत. गरोदर बाईला, लहान मुलाला, तापाने फणफणलेल्याला त्याहून घाई असते. ही तीन मिनिटं मास्क धरणाऱ्या हाताची असतात. मास्कच्या कडेला फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते, आणि नंतर कमी पडलेली मिनिटं कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. सिस्टरांनी त्या तरुणाच्या नाकात ऑक्सिजनची बारीक नळीही ठेवली होती, मास्क काढल्यावरही सुरू राहावी म्हणून. २०१६ साली भारतातल्या कठीण श्वासमार्गाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ती लिहिणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला नैनन मायात्रा होत्या. नळीचे प्रयत्न चालू असताना नाकातून ऑक्सिजन देत राहा, हा त्या तत्त्वांमधला आग्रह तालुक्याच्या कॅज्युअल्टीपर्यंत पोचलेला पाहून मला बरं वाटलं.

नळी टाकायच्या साहित्याचा ट्रे मात्र त्यांनी रात्री आठलाच तपासला होता. ड्युटी घेताना पहिलं काम ते. मी वही घेऊन शेजारी उभी होते. लॅरिंगोस्कोप उघडून दिवा पाहिला. "नुसता लागतो का ते बघायचं नाही. पांढरा लागतो का पिवळा, ते बघायचं. पिवळा म्हणजे सेल उतरलेत. घशात लाळ, रक्त असतं, पिवळ्या उजेडात काही दिसत नाही." पाती तीन आणि चार नंबरची. नळ्या सात, साडेसात, आठ, आणि ठरवलेल्या मापाहून अर्ध्याने लहान एक जास्तीची. प्रत्येक नळीचा फुगा दहाच्या सिरिंजने फुगवून, दाबून, पुन्हा रिकामा केलेला. नळीला आकार देणारी तार आत, पण तिचं टोक नळीबाहेर येता कामा नये, नाहीतर श्वासनलिका ओरखडते. नळीला वाट दाखवणारी बुजी. नळी जमलीच नाही तर घशात बसवायचं आय-जेल. सक्शन चालू करून नळीचं तोंड तळहाताला लावून ओढ पाहिली. हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबून पाहिली. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली होती. दोरी का, असं मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. पूर्वी त्या जिथे होत्या तिथे एका रात्री चावी शोधण्यात वेळ गेला होता. पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

औषधांचंही तसंच. स्कोलिन फ्रिजमध्ये असतं, तेव्हा रात्री फ्रिजच्या खोलीला कुलूप नसेल हे पाहणंही आलंच. गुंगीचं केटामाइन आणि स्नायू लुळे करणारं स्कोलिन दोन्ही पाण्यासारखी दिसतात. सिरिंजवर नाव नसेल तर आधी स्नायू लुळे करणारं औषध गेलं आणि गुंगीचं राहिलं असं होऊ शकतं. मग माणूस जागा राहून गुदमरतो आणि बोटही हलवू शकत नाही. ब्रिटनमध्ये भुलेत जाग राहण्याच्या घटनांची देशभर नोंद घेऊन २०१४ साली अहवाल आला, त्यात सिरिंजांची अदलाबदल हे कारण होतंच, आणि घाईने दिलेली भूल हा धोकाही होता. मोठ्या थिएटरांत स्नायू लुळे करणाऱ्या औषधाला लाल पट्टी, गुंगीच्या औषधाला पिवळी, असे रंग ठरलेले आहेत. इथे पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. माझ्या मते ते तितकंच चांगलं आहे, फक्त औषध भरणाऱ्या हातानेच, भरल्या क्षणीच ते लिहायला हवं.

उपाशीपोटी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत आणि तातडीच्या भुलेत मोठा फरक पोटाचा असतो. अपघातातला माणूस जेवून निघालेला असतो, बाळंतपणाला आलेली बाई कळांच्या आधी काही खाऊन आलेली असते. गुंगी आली की जठराचं तोंड सैल पडतं आणि आंबट पाणी वर येऊन फुप्फुसात उतरतं. न्यूयॉर्कमधल्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, त्यात ६६ जणींच्या बाबतीत असं घडलेलं त्यांना आढळलं. यावर लंडनच्या ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली एक साधा उपाय मांडला: स्वरयंत्राच्या खाली जे गोल कूर्चेचं कडं आहे ते अंगठा आणि बोटाने मागे मणक्यावर दाबायचं, म्हणजे मागची अन्ननलिका चेपली जाते आणि पोटातलं वर येत नाही. तेव्हापासून हा हात साहाय्यकाचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी नर्सचा.

या हाताबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यात कौशल्य किती आहे हे बाहेरून दिसत नाही. रुग्ण जागा असताना दाब हलका, सुमारे एक किलो वजनाइतका. शुद्ध गेली की तीन किलोच्या आसपास. कमी पडला तर उपयोग नाही. जास्त झाला तर स्वरयंत्रच वाकडं होतं आणि डॉक्टरला दिसायचं बंद होतं. तीन किलो बोटांना कळायला सवय लागते. त्यासाठी ५० मिलिलिटरची सिरिंज हवेने भरून तिचं तोंड बंद करायचं आणि दट्ट्या ३३च्या खुणेपर्यंत दाबून धरायचा, हा सराव भूलशास्त्रात जुना आहे. रुग्णाला प्रत्यक्ष उलटी व्हायला लागली तर दाब सोडायचा, नाहीतर अन्ननलिका फाटू शकते. एरवी नळी गेली, फुगा फुगला, नळी बरोबर जागी असल्याचं कळलं, की डॉक्टरने सांगितल्यावरच सोडायचा. मधेच हात काढायचा नाही.

आता या दाबाच्या उपयोगाबद्दलच वाद आहे. फ्रान्समध्ये ३,४७२ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना खरा दाब दिला, अर्ध्यांना दाबल्याचा नुसता आविर्भाव, आणि डॉक्टरला दिसू नये म्हणून हात झाकलेला. पोटातलं फुप्फुसात जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे शंभरात एकाहून कमी आणि जवळपास सारखं निघालं. दाब दिलेल्यांत नळी टाकायला मात्र थोडी जास्त अडचण आली. तेवढ्यावरून दाब सोडून द्यावा असं ठामपणे सिद्ध होत नाही, असं चाचणी करणाऱ्यांनीच नोंदवलं. काही ठिकाणी तो आजही देतात, काही ठिकाणी सोडला आहे. स्वरयंत्र दिसत नसेल तर दाब सैल करून पाहावा, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. मग सैल करायचं कधी? डॉक्टर म्हणेल तेव्हा, हे पुस्तकातलं उत्तर. पण डॉक्टर धडपडतो आहे, दिसत नाहीये आणि दाबाची त्याला आठवण नाही, अशा वेळी "सर, मी दाब देतेय, सैल करू का?" हे विचारणारी बाई त्या रुग्णाला वाचवू शकते. इथून आपण हाताकडून आवाजाकडे येतो.

२९ मार्च २००५. इंग्लंड. एलेन ब्रोमिली, वय ३७, दोन लहान मुलांची आई, सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी थिएटरमध्ये गेली. भूल दिल्यावर श्वासमार्गासाठीचा मास्क नीट बसेना. दोनेक मिनिटांत ती निळी पडू लागली, चार मिनिटांत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ४० टक्क्यांवर आलं. अनुभवी भूलतज्ज्ञ, मदतीला आलेला दुसरा भूलतज्ज्ञ आणि नाक-कान-घशाचा सर्जन असे तिघे नळी टाकण्याचा प्रयत्न करत राहिले. दहा मिनिटांच्या सुमाराला अवस्था अशी होती की नळीही जात नव्हती आणि हवाही. अशा वेळी मानेतून समोरून मार्ग करायचा असतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण ते नळीच टाकत राहिले. मेंदूला वीस मिनिटांहून जास्त वेळ पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही. तेरा दिवसांनी ती गेली.

त्या खोलीत नर्सही होत्या. एकीने मान उघडण्याचं सामान आणलं आणि ते आणल्याचं सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. दुसरीने अतिदक्षता विभागाला फोन करून खाट मागितली आणि परत येऊन तसं सांगितलं. तेव्हा ज्या नजरेने तिच्याकडे पाहिलं गेलं त्यावरून तिला वाटलं की आपण उगाच घाबरलो आहोत, आणि तिने फोन करून खाट रद्द केली. काय करायला हवं हे कळत होतं, पण ते वरिष्ठांना कसं सांगावं हे सुचलं नाही, असं पुढे चौकशीत समोर आलं. एलेनचा नवरा मार्टिन ब्रोमिली विमानाचा पायलट. वैमानिकांमध्ये कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवण्याचं प्रशिक्षण असतं. रुग्णालयात ते नाही, हे पाहून त्याने कुणा एकाला दोष न देता २००७ साली आरोग्यसेवेतल्या मानवी चुकांवर काम करणारा गट उभा केला. आज जगभर भूलशास्त्र शिकवताना ही घटना सांगितली जाते.

मी जेव्हा जेव्हा ही हकिगत वाचते तेव्हा पहिल्या नर्सच्या वाक्यापाशी थांबते. सामान आणलंय. वाक्य खरं आहे, वेळेवर आहे, आणि तरी त्यात मागणी नाही. आपल्याकडे हे जास्त घडतं, आणि त्याचं मूळ आपल्या बोलण्याच्या रीतीत आहे. "सर, एकदा बघता का?" "जरा सॅच्युरेशन कमी वाटतंय ना?" "ते सामान इथे ठेवलंय हं." यातले "जरा", "वाटतंय", "ना", "हं" हे शब्द घरात आणि ओळखीपाळखीत मऊपणा आणतात. थोरल्याला सरळ सांगणं उद्धटपणा, हे आपण मुलींना तर फारच लहानपणी शिकवतो. तीच मुलगी पुढे नर्सिंग करते, आणि ज्या क्षणी एका वाक्याने जीव वाचणार असतो त्या क्षणी तिच्या तोंडून "जरा" निघतं.

जुन्या सिस्टरांनी यावर आपली रीत काढली आहे. त्या आकडा आधी बोलतात आणि क्रियापद शेवटी, आज्ञार्थी. सर किंवा मॅडम कायम असतं, आदर तिथे राहतो. त्या पहाटेही मी हेच ऐकलं.

सुरू करण्याआधी डॉक्टर मोठ्याने म्हणाले होते, "पहिल्यांदा नळी. नाही जमली तर बुजीवरून. तेही नाही तर आय-जेल. तेही नाही तर मानेतून. सिस्टर, नव्वदला मला थांबवा." या शेवटच्या वाक्याने त्यांनी आपल्याला थांबवण्याचा अधिकार सिस्टरांना आधीच देऊन टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेआधीची जी तपासयादी काढली तिच्यात भूल देण्यापूर्वी नर्स आणि भूलतज्ज्ञाने मिळून विचारायचे प्रश्न आहेत: श्वासमार्ग कठीण आहे का, पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका आहे का, आणि असल्यास साधनं व मदत हजर आहे का. ती यादी अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया झाल्यावर एकदम टिक करून भरली जाते, हे मी पाहिलं आहे आणि ते मला फार लागलं आहे. टिक करण्यासाठी ती नाहीच. दोघांनी एकमेकांना ऐकू येईल असं बोलावं म्हणून ती आहे.

गुंगीचं औषध गेलं. "केटामाइन शंभर, गेलं," सिस्टर म्हणाल्या. स्कोलिन भरून ठेवलं होतं, पण स्नायू विषानेच इतके सैल पडले होते की ते लागलं नाही. डॉक्टर वाकले. घशात लाळेचा फेस. सक्शन मागायच्या आधी हातात आलं होतं.

"शहाण्णव." ... "त्र्याण्णव." ... "नव्वद. सर, बाहेर या. मास्क."

डॉक्टर बाहेर आले. एक शब्द उलट नाही. अंबूने श्वास, आकडा हळूहळू वर. नव्वदपर्यंत हा आकडा रेंगाळत उतरतो, नव्वदखाली घसरगुंडी असते. शिवाय बोटावरचं यंत्र दाखवतं तो आकडा थोडा शिळाच असतो, रक्तातली खरी स्थिती त्याच्या पुढे गेलेली असते. म्हणून नव्वदची रेघ. सिस्टरांनी चादरीची आणखी एक घडी डोक्याखाली सरकवली, कान छातीच्या हाडाच्या रेषेत येईपर्यंत. दुसऱ्या वेळी उजव्या तळहातात बुजी ठेवली, तिच्यावरून नळी सरकली. फुगा फुगला.

एवढं झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, हे मी अनेकदा पाहिलंय. इथे सिस्टरांनी तो टाकला नाही. थिएटरमधला कॅप्नोग्राफ त्यांनी आधीच ढकलत आणून ठेवला होता. त्याची तार नळीला जोडली आणि त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड हे यंत्र लाटेच्या रूपात दाखवतं. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर लाट टिकत नाही. छाती हलल्यासारखी वाटू शकते, स्टेथोस्कोपने आवाज आल्यासारखा वाटू शकतो, नळीत वाफ धरू शकते; या तिन्ही खुणांनी चांगल्या चांगल्यांना फसवलं आहे. २०२२ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून जी तत्त्वं ठरवली त्यात किमान सात श्वासांपर्यंत लाट टिकलेली पाहा, असं सांगितलं आहे. सिस्टर ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. सातव्यानंतर मोठ्याने म्हणाल्या, "लाट आहे. नळी दाताशी बावीस सेंटिमीटरवर." आणि नाडी बांधायला घेतली. दाढी वाढलेली होती, चिकटपट्टी टिकली नसती.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी २००८च्या सप्टेंबरपासून वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर नोंद केली. १८४ घटना सापडल्या. त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त थिएटरच्या बाहेर, अतिदक्षता विभागात आणि कॅज्युअल्टीत घडल्या होत्या. अतिदक्षता विभागातल्या घटनांपैकी साठ टक्क्यांहून जास्त ठिकाणी मृत्यू किंवा मेंदूला इजा. थिएटरमध्ये हेच प्रमाण १४ टक्के. अतिदक्षता विभागातल्या मृत्यू आणि मेंदूच्या इजांपैकी ७४ टक्क्यांमध्ये कॅप्नोग्राफ नसणं किंवा न वापरणं याचा वाटा होता. तिथल्या बऱ्याच घटना नळी टाकताना घडल्याच नव्हत्या; आधी बसवलेली मानेतली नळी रुग्णाला कुशीवर वळवताना किंवा हलवताना निसटली होती. म्हणजे ज्या वेळी खाटेशी डॉक्टर नसतो, नर्स असते. हा अहवाल २०११ साली आला. आपल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या किती अतिदक्षता खाटांशी आज कॅप्नोग्राफ आहे, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. त्या पहाटेचं यंत्र थिएटरमधून उसनं आणलेलं होतं. त्याच वेळी आत सिझेरियन चालू असतं तर?

इथे एक प्रश्न नेहमी येतो: मग नर्सला भूलच का देऊ देत नाहीत? अमेरिकेत ती परंपरा शंभराहून जास्त वर्षांची आहे. मेयो क्लिनिकच्या ॲलिस मॅगॉ या नर्सने १९०६ साली आपण दिलेल्या चौदा हजारांहून जास्त भुलींचा आढावा प्रसिद्ध केला, आणि भुलेमुळे त्यात एकही मृत्यू नव्हता. कॅलिफोर्नियात नर्सने भूल देणं कायदेशीर आहे का, हा खटला १९३६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नर्सच्या बाजूने लागला. भारताने वेगळा रस्ता घेतला. आपल्याकडे भूल डॉक्टरनेच द्यायची. भूलतज्ज्ञ कमी म्हणून ग्रामीण भागातल्या एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी १८ आठवड्यांचं भुलेचं प्रशिक्षण दिलं जातं. त्या पहाटेचे डॉक्टर ते प्रशिक्षण घेतलेलेच होते. भूल कुणी द्यावी यावर इथे वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. मला दिसतं ते एवढंच की १८ आठवड्यांच्या डॉक्टरच्या उजव्या हाताला वीस वर्षांच्या अनुभवाची सिस्टर असेल तर रुग्णाला चांगला आधार मिळतो, आणि तिची सहा महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात बदली करून तिच्या जागी कालपरवा लागलेली मुलगी उभी केली तर तोच डॉक्टर एकटा पडतो. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञाला प्रशिक्षित साहाय्यक असलाच पाहिजे हा नियम आहे. आपल्या बदल्यांच्या यादीत सगळ्या अधिपरिचारिका सारख्याच धरलेल्या असतात.

उजाडताना १०८ आली. सिस्टरांनी रुग्णवाहिकेतल्या सिलिंडरचा काटा स्वतः पाहिला. छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर. मिनिटाला दहा लिटर म्हटलं तर १५० मिनिटं. रस्ता दोन तासांचा, पावसात अडीच. "दुसरा भरून घ्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "हा वाटेत संपेल." मग रुग्णाच्या आतेभावाला हाताशी धरून अंबू दाखवली. गाडीत डॉक्टर होते, पण त्यांचा हात सुटला तर दुसरा हात हवा. "मी दाबते तसं. पूर्ण पिळायचं नाही. छाती वर आली की सोडायचं. मनात सहा मोजा, मग पुढचा. सहा मोजा, पुढचा. घाबरून भराभर दाबायचं नाही." तो विशीतला मुलगा दात आवळून सहा-सहा मोजत होता. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची साथ आली तेव्हा यंत्रं पुरली नाहीत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या मानेत नळ्या बसवल्या आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबून माणसं जगवली. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथे मानतात. आपल्या राज्यमार्गांवर ते काम अजून नातेवाईक करतात.

गाडीत चढवण्याआधी सिस्टर पुन्हा त्या तरुणाच्या कानाशी वाकल्या. त्याच्या पापण्या पूर्ण मिटल्या होत्या, बोट हलत नव्हतं. "दादा, तुम्हाला ऐकू येतंय, मला माहीत आहे. नळी घातलीय म्हणून बोलता येत नाही. विष उतरलं की सगळं हलणार आहे. आई गाडीत सोबत आहे. झोपेचं औषध चालू ठेवलंय." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, वाटेत गुंगी कमी पडू देऊ नका. तो आत जागा होईल." हे वाक्य केसपेपरवर कुठे नाही.

गाडी गेल्यावर त्या चहाला गेल्या नाहीत. वापरलेली नळी, बुजी, सक्शनची नळी बाजूला काढून ट्रेमध्ये नवीन ठेवली. लॅरिंगोस्कोपचं पातं धुवायला टाकलं, दुसरं लावलं, उघडून दिवा पाहिला. पांढरा होता. वहीत वेळ लिहून सही केली.

सातव्या दिवशी दुपारी घाटावरून फोन आला तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. नळी सकाळी काढली, पोरगा बोलतोय, असं तिकडच्या सिस्टर सांगत होत्या. इकडून पहिला प्रश्न गेला, "एका दमात किती म्हणतोय?"

थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग सिस्टरांनी खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं: २१.